लेजरच्या रॅकमागे

माझ्या भाचीनं बुरखाबंदीच्या बाजूनं मत दिलं. तिनं स्वतः फोनवर सांगितलं म्हणून विश्वास ठेवला, नाहीतर ठेवला नसता. ही तीच मुलगी, जी पुण्यात कॉलेजला असताना स्कूटीला किल्ली लावण्याआधी आरशासमोर पाच मिनिटं उभी राहून स्कार्फ असा काही गुंडाळायची, की खालच्या वॉचमनला ताई गेल्या की ताईंची मैत्रीण गेली हे कळू नये. वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. माझी बहीण गॅलरीतून ओरडायची, "अगं, कोथरूडला निघालीस की चंबळच्या खोऱ्यात?"

आता ती बाझेलला असते. २००६ साली गेली, औषधांच्या संशोधनात आहे, नवरा तिकडचाच. २०१९ साली तिला तिथला पासपोर्ट मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून तीन-चार वेळा मतदान असतं आणि त्याचं पाकीट टपालानं घरी येतं. सोबत सरकारची एक लाल पुस्तिका, प्रश्न काय, बाजूनं कोण, विरोधात कोण हे समजावून सांगणारी. पहिलं पाकीट आलं तेव्हा तिनं त्याचा फोटो पाठवला होता. आपल्याकडे कुणी पहिल्या पगाराचा पाठवतं तसा.

७ मार्च २०२१च्या पाकिटात तीन प्रश्न होते. इंडोनेशियाशी व्यापार करार करायचा का, इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राचा कायदा आणायचा का आणि सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला घटनेनंच बंदी करायची का. लोकांनी करार कसाबसा मंजूर केला. ओळखपत्र मात्र धुडकावलं, कारण ते देण्याचं काम खासगी कंपन्यांकडे जाणार होतं. आणि चेहरा झाकायला बंदी ५१.२ टक्क्यांनी पास झाली. थोडक्यात, माझी ओळख कुणाच्या हातात द्यायची नाही, पण समोरच्याचा चेहरा मला दिसलाच पाहिजे! त्या आठवड्यात तिथे ट्राममध्ये आणि दुकानात मास्क सक्तीचा होता, हेही लक्षात घ्या.

आणखी एक तारीख मला मोह पाडते. या मतदानाच्या बरोब्बर एक महिना आधी, ७ फेब्रुवारीला, स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाल्याला ५० वर्षं झाली होती. म्हणजे १९७१. आमच्याकडे तेव्हा इंदिराबाई पंतप्रधान होऊन पाच वर्षं झाली होती. मी भाचीला म्हटलं, "बायकांना मत द्यायला ज्यांना १९७१ उजाडलं, ते आता बायकांना मोकळं करायला निघालेत होय?"

"मावशी, तू विषय बदलतेयस," ती म्हणाली. बदलत होतेच.

तिचं म्हणणं साधं होतं. "माझा स्कार्फ आणि नकाब एक नाही. मी बांधायचे धुळीसाठी, उन्हासाठी, आणि हो, मी कुणाच्या गाडीवर बसलेय ते सोसायटीतल्या काकांना कळू नये म्हणूनही. पण घरी आले की सोडायचे. सोडला म्हणून मला कुणी पापी म्हणत नव्हतं. ज्या कपड्याला हो किंवा नाही म्हणायची सोयच नाही, तो कपडा मी निवड म्हणून कसा मानू?"

मग तिनं ब्रिएन्झ तळ्यातल्या बोटीची आठवण काढली. मला वाटलंच होतं काढणार.

२०१८च्या जूनमध्ये मी रजा काढून तिच्याकडे गेले होते. इंटरलाकेनला फिरायला गेलो. या गावात भारतीय माणसाला परकं वाटत नाही. यश चोप्रांचा पुतळा आहे, वडापाव नसला तरी समोसा आहे. तशीच आखाती देशांतली कुटुंबं तिथे उन्हाळ्यात मोठ्या संख्येनं येतात. बोटीवर आमच्या समोरच्या बाकावर असंच एक कुटुंब होतं. नवरा हाफ पँट आणि टी-शर्टात, डोक्यावर उलटी टोपी. दोन मुलं. आणि बाई संपूर्ण काळ्यात, डोळे सोडून. तिच्या हातात आइस्क्रीमचा कोन होता. ती डाव्या हाताच्या करंगळीनं नकाबाची खालची कड उचलायची, उजव्या हातानं कोन आत न्यायची, एक घास घ्यायची, कड सोडायची. पुन्हा उचलायची. वारा होता, त्यामुळे कापड मधेच कोनाला चिकटायचं. तिनं पर्समधून टिश्यू काढून ते आतूनच पुसलं. हे सगळं इतक्या सफाईनं, की मुलाच्या बुटाची नाडीही त्यातच बांधून झाली.

भाचीची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिनं जर्मनमध्ये मोठ्यानं विचारलं, "त्या आईला तोंड नाहीये का?" भाची शरमेनं लाल. त्या बाईला प्रश्न कळला असावा, निदान बोट दाखवलेलं कळलं असावं. तिचे डोळे बारीक झाले. हसली असणार. असणार म्हणते, कारण खात्री करायला काहीच दिसत नव्हतं, आणि नेमकं हेच भाचीला आजही खुपतं.

मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो तिच्या नकाबावर कमी आणि नवऱ्याच्या हाफ पँटवर जास्त होता. इतकी हवा त्याच्या पोटऱ्यांना!

तर भाचीनं मत दिलं ते त्या कोनाला स्मरून. मी तिला मूर्ख म्हणू शकत नाही. मला तो कपडा आवडत नाही. आवडत नाही हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या तोंडी भलतं काही घालणार नाही. पण न आवडणं वेगळं आणि त्यासाठी पोलिसाच्या हातात पावतीपुस्तक देणं वेगळं.

आमच्या घरात गोषा होता. आईची आई सातारा भागातल्या पाटलांच्या वाड्यातली सून. गोषा हा शब्दच मुळी फारसी, अर्थ कोपरा. वाड्याच्या माजघराच्या पुढे बायकांनी यायचं नाही. गावच्या देवीला जायचं तर छकड्याला चारही बाजूंनी पडदे, आणि छकडा जाईपर्यंत रस्त्यावरचे पुरुष पाठ फिरवून उभे. आजी सांगायची की लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं स्वतःच्या गावचा बाजार पाहिला नव्हता, आवाजानं मात्र ओळखायची. कुंभार कुठे बसतो, बांगडीवाला कुठे. हे सांगताना तिच्या बोलण्यात दुःख असायचं असं तुम्हाला वाटत असेल. मुळीच नाही! ठसका असायचा. कुणब्याच्या बायका शेतात जायच्या, उघड्या तोंडानं. आजी जायची नाही, म्हणजे ती मोठ्या घरची. तिच्या लेखी ती कैद नव्हती, तो दागिना होता.

हा दागिना कुणी उतरवला? कुठलाही बंदीहुकूम आमच्या वाड्यापर्यंत आला नाही. आजी एकाच वाक्यात सांगायची, "कुळकायद्यात जमीन गेली आणि तिच्या मागं गोषा गेला." उरलेल्या चार एकरांत गडी ठेवायची ऐपत राहिली नाही, सुनांना बांधावर जावं लागलं, आणि बांधावर पडदा कुठला लावणार? मोठ्या घरांतून मात्र काही जणींनी तो आपण होऊन टाकला. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड पडद्यातून बाहेर आल्या आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी बसल्या. आजीला त्यांचं भारी कौतुक होतं. पण कौतुक करताना तिच्या डोक्यावरचा पदर कपाळाच्या मध्यापर्यंत तसाच असे. तो मरेपर्यंत तसाच होता. माझ्या डोक्यावर पदर नाही याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि तिच्या पदराबद्दल मी.

हे मी भाचीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे काय, प्रत्येकीची जमीन जाईपर्यंत थांबायचं?"

मी हमीद दलवाईंकडे वळले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. सात! तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा द्या, अशा मागण्या. पुढे १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. मी म्हटलं, बघ, आतून माणसं उठतात, आणि ती बायकांसाठी हक्क मागतात, बायकांना दंड मागत नाहीत.

त्यावर तिनं मला गप्प केलं. म्हणाली, "आतून म्हणतेस ना? इथे सायदा केलर-मेसाली नावाच्या बाई आहेत. जन्म ट्युनिशियातला, स्वतः मुस्लिम, प्रागतिक इस्लामसाठी संस्था चालवतात. त्यांचा बंदीला पाठिंबा होता. त्या आतल्या नाहीत का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. आतली माणसं एका सुरात बोलत नाहीत, हे आपण बाहेरून नेहमीच विसरतो.

पण कायद्याचा मसुदा मी वाचला होता. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या बाईला परिपत्रक दिलं की ती आधी अपवादांची यादी वाचते. घटनेच्या त्या कलमात इस्लामचं नाव नाही, बुरख्याचं नाही. चेहरा कुणीच झाकायचा नाही, मग ते मोर्चातले दगडफेके असोत की फुटबॉलचे हुल्लडबाज. जाहिराती मात्र त्या मानानं प्रामाणिक होत्या. भिंतीवर नकाबातली रागीट डोळ्यांची बाई आणि ‘अतिरेक थांबवा’ अशी हाक. मग अपवाद. प्रार्थनास्थळात चालेल. आरोग्यासाठी, सुरक्षेसाठी, थंडीवाऱ्यासाठी चालेल. आणि स्थानिक रूढीसाठी चालेल.

स्थानिक रूढी म्हणजे काय, हे मी २०२४च्या फेब्रुवारीत डोळ्यांनी पाहिलं. मी निवृत्त झालेली, भाचीनं मुद्दाम त्या दिवसांत बोलावलं. बाझेलचा फास्नाख्त, म्हणजे तिथला मुखवट्यांचा उत्सव. सोमवारी पहाटे चारला गावातले सगळे दिवे घालवतात. काळोख. मग एकदम ढोल आणि बासऱ्या सुरू होतात, आणि कंदील घेतलेली हजारो माणसं गल्लीबोळांतून चालायला लागतात. प्रत्येकाच्या डोक्यावर खांद्यापर्यंत येणारा मुखवटा, लांब नाकाचा, सुजऱ्या गालांचा. आत बाई आहे की बुवा, शेजारी आहे की साहेब, काही कळत नाही आणि कळू नये हाच तर नियम. दुपारच्या मिरवणुकीत एका मुखवट्यानं माझ्या कॉलरमधून मूठभर रंगीत कागदाचे तुकडे आत ओतले. पुण्याला परत आल्यावरही स्वेटरमधून निघत होते. मला आपल्या कोकणातल्या शिमग्याचा संकासूर आठवला. तोही तोंड झाकूनच येतो, पोरांना घाबरवतो, आणि पोरं त्याच्याच मागे धावतात.

मी भाचीला विचारलं, "यांना दंड नाही?"

"ही परंपरा आहे, मावशी."

"आणि नकाब ही कुणाची तरी नाही का?"

"तीन दिवसांची आणि रोजची यात फरक आहे," ती म्हणाली. फरक आहेच. खरं सांगायचं तर बाझेल शहरानं, झुरिकनं, जिनिव्हानं आणि बर्ननं बंदीच्या विरोधातच कौल दिला होता. इंटरलाकेन बर्न कँटनमध्येच (कँटन म्हणजे तिथलं राज्य) येतं, म्हणजे जिथे नकाब प्रत्यक्ष दिसतो तिथलं बहुमत नको म्हणालं. देशाची वस्ती तेव्हा ८६ लाखांच्या वर, आणि ल्यूसर्न विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या अंदाजानं तिथे राहणाऱ्या नकाबवाल्या बायका तीसेक. एका एसटीत मावतील इतक्या. त्यांच्यासाठी घटनेत कलम! भाचीचं यावर म्हणणं, की तीस असोत नाहीतर तीन, तत्त्व ते तत्त्व. असेल. पण तीस बायका असल्या, की प्रत्येकीच्या घरी जाऊन तुमचं काय ते विचारता तरी येतं. ते कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

फ्रान्सनं हे आधी केलं. ऑक्टोबर २०१०चा कायदा, एप्रिल २०११ पासून लागू, दंड १५० युरो. तिथे सरकारी अंदाजानं बायका होत्या १,९००च्या आसपास. त्या कायद्यातलं एक कलम मला मनापासून आवडतं: जो दुसऱ्याला जबरदस्तीनं चेहरा झाकायला लावेल त्याला एक वर्षाची कैद आणि ३०,००० युरो दंड. हाफ पँटवाल्यांसाठी. पण नवऱ्यानं जबरदस्ती केली हे सिद्ध करायला बायकोला नवऱ्याविरुद्ध उभं राहावं लागणार, आणि बाईनं नकाब घातलाय हे सिद्ध करायला पोलिसाला फक्त बघावं लागणार. कुठलं कलम जास्त चालेल, सांगा बघू.

या कायद्याविरुद्ध एक चोवीस वर्षांची फ्रेंच मुलगी, मूळची पाकिस्तानची, नावाऐवजी आद्याक्षरं लावून स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली होती. तिचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं. मी माझ्या मर्जीनं घालते, रोज घालत नाही, डॉक्टरकडे, बँकेत, विमानतळावर ओळख पटवायला सांगाल तिथे काढीन. १ जुलै २०१४ला निकाल लागला. गंमत अशी, की न्यायालयानं सरकारची मोठी मोठी कारणं एकेक करून बाजूला ठेवली. सुरक्षेसाठी सरसकट बंदी? जास्त होते. स्त्री-पुरुष समानता? जी गोष्ट बायका स्वतःच मागतायत ती समानतेच्या नावानं कशी बंद करणार? उरलं एकच: ‘एकत्र राहणं’. समाजात वावरताना चेहरा दिसणं ही एकत्र राहण्याची किमान अट आहे असं फ्रान्सला वाटत असेल, तर वाटू द्या. पंधरा विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. विरोधातल्या दोन्ही न्यायाधीश बायका होत्या, एक जर्मनीच्या, एक स्वीडनच्या. त्या म्हणाल्या, दुसऱ्यानं माझ्याशी संपर्क ठेवलाच पाहिजे असा हक्क कुणाला नसतो.

हे वाचून मला आमच्या सदाशिव पेठेचं भवितव्य डोळ्यांपुढे आलं. ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’, ‘पत्ता विचारू नये’. एकत्र राहण्याची किमान अट स्ट्रासबुर्गनं पुण्यात लावली तर पेठांतून काय दंड गोळा होईल! गमतीचा भाग सोडा, पण त्या दोघींचं म्हणणं आम्हा पेठकरांना जन्मतः कळतं. मला तुमच्याशी बोलायचं नाही, यात तुमचा अपमान नसतो. तो तुम्हाला वाटतो.

आणि सरकारी हातानं ओढलेला पदर कुठल्या दिशेनं ओढला यानं फार फरक पडत नाही. इराणमध्ये १९३६च्या जानेवारीत रझा शहानं चादर, म्हणजे बायकांनी अंगभर घ्यायचं वस्त्र, उतरवायचा हुकूम काढला. पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढायचे, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या घराबाहेरच पडेनाशा झाल्या. १९७९ नंतर तिथेच उलटा हुकूम निघाला, आणि २०२२ साली केसांवरचा कपडा नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी कोठडीत मेली. दोन्ही वेळा हुकूम देणाऱ्याला खात्री होती, की तो बायकांचं भलं करतोय.

आपल्याकडची भांडणं बहुतेक वर्गाच्या दारात होतात. चेंबूरच्या एका कॉलेजचा २०२४चा वाद घ्या. सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपीवरची बंदी तूर्त थांबवली, पण वर्गात बुरखा नको म्हटलं. केसांवरचं कापड आणि चेहऱ्यावरचं कापड यांत न्यायालयानं रेघ ओढली. शिकवणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसावं, हे मला चालतं. तिथे काम आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते मी कुठल्या निकालात नाही शिकले. १९८८ साली, सव्विसाव्या वर्षी, माझी मालेगावला बदली झाली. शाखेत मी एकटी बाई. दिवसभर बाहेरून यंत्रमागांची खटखट, इतकी की रविवारी ती थांबली की कान दुखायचे. आमच्याकडे अंगठ्याची खाती भरपूर. कांड्या भरणाऱ्या बायका, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका. अंगठ्याच्या खात्याला नियम असा, की पासबुकावर फोटो हवा आणि पैसे काढायला खातेदारानं स्वतः यायला हवं. आता फोटोतली बाई उघड्या तोंडाची आणि काउंटरवरची नकाबातली. कॅशिअर म्हणायचा, "मॅडम, बघा जरा."

मग मी टेबलावरून उठायची. हॉलच्या टोकाला जुन्या लेजरांचं, म्हणजे खातेवह्यांचं, लोखंडी रॅक होतं, त्याच्या आणि भिंतीच्या मधे दोन माणसं जेमतेम उभी राहतील अशी जागा. तिथे ती बाई माझ्यासमोर नकाब वर करायची. मी एकदा पासबुकाकडे बघायची, एकदा तिच्याकडे. ओठावर घामाचे थेंब, नाकात चमकी, गालावर कापडाच्या शिवणीचा वळ. बहुतेकींना हसू फुटायचं. एक म्हातारी दर वेळी विचारायची, "फोटोवाली अच्छी दिखती, के मैं?" दोन मिनिटांचं काम. मी अंगठ्याच्या बाजूला सही ठोकायची, पितळी टोकन त्यांच्या हातात, की नकाब खाली. मी रजेवर असले तर त्या काउंटरवरून परत जायच्या, "मॅडम नहीं? तो कल." बस्स. निवडणुकीतही पडदानशीन बायकांसाठी बाई अधिकारी ठेवतात ते याच हिशेबानं, हे मला पुढे इलेक्शन ड्यूटीत कळलं.

स्विस सरकारनं आणि संसदेनं बंदीला विरोध करून जो दुसरा मार्ग सुचवला होता तो जवळपास हाच होता. सरकारी कामात ओळख पटवायची असेल तेव्हा चेहरा दाखवायचा, बाकी रस्त्यावर तुमचं तुम्ही बघा. बंदी पास झाल्यामुळे तो आपोआप बाद झाला. १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. जागेवर भरला तर १०० फ्रँक, नाही म्हणून अडून बसलात तर १,००० पर्यंत.

भाचीला हे रॅक लहानपणापासून माहीत आहे, आणि त्याचा शेवटही. म्हणून तिनं तो माझ्यावरच उलटवला. "तुझ्या त्या बाईचे पैसे गेले असते ना नकाबामुळे?"

गेले असते. एक तिशीची बाई होती, नवरा वारलेला, कांड्या भरून पैसे साठवायची. दर महिन्याला जमा करायला येई, काढायला क्वचित. एक दिवस तिचं पासबुक घेऊन नकाबातली बाई आली, सातशे रुपये काढायचे म्हणाली. रॅकमागे नेलं, नकाब वर झाला, आणि तोंड वेगळंच. विशीतली पोर, भीतीनं पांढरी पडलेली. जाऊ होती तिची. "सास ने भेजा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी पासबुक ठेवून घेतलं आणि तिला पाठवून दिलं. ओरडले नाही. ओरडायला हवं होतं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

भाचीच्या मते ही गोष्ट बंदीच्या बाजूची आहे. माझ्या मते नाही, कारण त्या दिवशी रस्त्यावरच्या पोलिसानं काय केलं असतं? पोरीला दंड, आणि सासू घरीच. चोरी पकडली ती रॅकनं.

आठवड्यानं खातेदार बाई स्वतः आली. मी पासबुक दिलं, काय झालं ते सांगितलं. तिनं जावेबद्दल एक शब्द काढला नाही. रॅकमागेच उभ्या उभ्या विचारलं, "सही का खाता हो गया, तो अंगूठा नहीं न चलता?" नाही चालत, मी म्हटलं. उर्दूत केली तर चालेल? चालेल.

चार-पाच महिने गेले. एका दुपारी ती आली, अर्ज भरून घेतला, स्पेसिमनच्या, म्हणजे नमुना सहीच्या, कार्डावर तीनदा सही केली. उजवीकडून डावीकडे, जीभ दातांत धरल्यासारखी एकेक अक्षर कोरत. तिसरी सही चौकटीबाहेर गेली. मग लगेच दोनशे रुपयांची स्लिप भरली. मी सवयीनं उठले आणि रॅककडे चालायला लागले. मागे कुणी नाही. वळून पाहिलं तर ती काउंटरवरच उभी, नकाब तसाच खाली, बोट कार्डावर ठेवून.

"अब काहे को?" ती म्हणाली.